तिघांच्या गाठी

सोमवारी दुपारपर्यंत घरात सगळ्यांचं सगळ्यांशी पटत होतं, आणि खरं म्हणजे तीच काळजीची गोष्ट होती. दादा आणि वहिनी एकमेकांना "हो, तुझं बरोबर आहे" म्हणत होते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं की डबे नव्याने लावायची खोड असलेली धाकटी बहीण आज एकाही डब्याला हात न लावता मुकाट्याने कांदा चिरत होती. आणि ताईने काहीही विचारलं की तिघंही एका सुरात म्हणत, "छान! छानच!"

उन्हाळ्यातला एक आठवडा दादाच्या घरी, सरोवराच्या काठी, तिन्ही भावंडांनी एकत्र काढायचा, हा शिरस्ता आईबाबा गेल्यापासून कुणी मोडला नव्हता. दादाने मासे धरायचे, धाकटीने ते तळायचे, वहिनींनी दोघांच्याही कामात चुका काढायच्या आणि ताईने व्हरांड्यात माग लावून विणत बसायचं, अशी वाटणी होती. यंदा तिने आणलेलं काम जरा दांडगंच होतं. पलीकडच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी थांबणाऱ्यांना नवं प्रतीक्षागृह बांधलं होतं, त्याच्या भिंतीवर लावायचं सहा हात लांबीचं विणकाम. त्यात दुसरं काही नाही, नुसतं हेच पाणी. एका टोकाला पहाट, दुसऱ्या टोकाला भर दुपार. शेवटच्या दोन विती विणायच्या राहिल्या होत्या आणि शनिवारी सकाळी माणसं ते न्यायला येणार होती.

रविवारी पोचल्या पोचल्या तिने दांड्यावर गुंडाळलेलं सगळं काम उलगडून दाखवलं होतं. तेव्हा घर बराच वेळ गप्प झालं. दादाने चष्मा काढून पुसला, परत घातला. धाकटीने वहिनींकडे पाहिलं. या दोघी एरवी एकमेकींकडे फक्त मीठ मागायला बघत. मग दादा म्हणाला, "छान आहे गं गुंते." लहानपणी ती सदा दोऱ्यांच्या गुंत्यात बसलेली असे, म्हणून दादाने तिला हे नाव ठेवलं होतं, आणि चौसष्टाव्या वर्षीही ते सुटलं नव्हतं. त्या शांततेचा ताईने आपल्या सोयीचा अर्थ लावला. माणसं भारावली की बोलत नाहीत, असं तिला वाटलं. इतकी वर्षं कौतुक ऐकलेल्या बाईला एवढंही कळू नये, पण नाही कळलं.

मंगळवारी सकाळी पहिला घोळ झाला.

ताई सुताच्या लडींवर आकडे लिहीत नसे. चिठ्ठ्या हरवतात, शाई फिसकटते. तिच्या आईची पद्धत होती की लडीच्या शेपटाला गाठी मारायच्या. एक गाठ म्हणजे सगळ्यात फिका रंग, दोन म्हणजे त्याहून गडद, असं करत अकरापर्यंत. आई धान्याच्या पिशव्या, औषधांच्या पुड्या, शाळेचे डबे, सगळं गाठींनीच ओळखायची. या घरात मुलांना अक्षरांच्या आधी गाठी वाचता यायच्या. ताईने टोपलीत हात घातला आणि नऊ गाठींची लड काढली. मग दहा गाठींची काढायला गेली तर हातात पुन्हा नऊच आल्या. तिने मोजल्या. परत मोजल्या. दोन लडींना नऊ गाठी, आणि पाच गाठींची लड गायब.

"मीच बांधल्या असणार," ती स्वतःशी पुटपुटली. रंगवल्यावर सगळ्या लडी तिनेच तर ओळीने लावल्या होत्या. ती उठून चहा घ्यायला आत गेली, धाकटीशी पाच मिनिटं पावाबद्दल बोलली, मग एकटीच बसून चहा प्यायली, परत आली, तर टोपलीत नऊ गाठींची एकच लड होती आणि पाच गाठींची लड तिच्याकडे बघत पडली होती.

ताई मटकन स्टुलावर बसली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने विणायला घेतलं, पण हात नेहमीसारखा चालेना. बुधवारी सकाळी दहा गाठींची लड तिला बोटांना निराळीच लागली, सूत जरा जाड, पीळ सैल. बघायला गेलं तर रंग ठीक दिसत होता. पाण्याचाच होता. हल्ली तिला सगळेच रंग जरा जुन्या फडक्यासारखे दिसत, पण त्याचं खापर तिने कधीच आजकालच्या दिव्यांवर फोडलं होतं. तिने त्या लडीतलं बोटभर विणून टाकलं.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर दादाने तिला होडीत घेतलं. पाणी संथ होतं. दादाने गळाला आमिष लावलं, दोरी सोडली आणि वल्ही आत घेतली. पहिली दहा मिनिटं तो नुसता घसा खाकरत होता.

"गुंते, ते बूच दिसतंय ना तुला?"

"गळाचं? दिसतंय की. आंधळी आहे का मी?"

"नाही, तसं नाही. कुठल्या रंगाचं आहे?"

"पांढरं."

"आणि त्याचा वरचा अर्धा भाग?"

"तोही पांढराच. परीक्षा घेतोयस का?"

"छे, छे," दादा म्हणाला. "सहज. छान."

ताईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा माणूस लहानपणापासून खोटं बोलताना कानाची पाळी ओढायचा, आणि आत्ता तो ती उपटून काढेल की काय असं वाटत होतं. पण तिचं लक्ष तिच्या स्वतःच्या ओझ्यात होतं. इथे पाण्यावर दोघंच होती, म्हणून तिने ते उतरवलं.

"दादा, माझं डोकं चाललंय रे."

"काय?"

"लडीला पाच गाठी मारते आणि नऊ मारल्या असं वाटतं. मग परत बघते तर पाच. काल तर मी उभी राहून मोजल्या होत्या, बोट लावून. आज एक लड हातात आली ती मी कधी कातली, कधी रंगवली, काही आठवेना. मी कुणाला बोलले नाही. हे शेवटचं काम. शनिवारी ती माणसं आली की त्यांच्याच गाडीत माग चढवून देणार. शिकाऊ पोरींची एक शाळा आहे, त्या मागत होत्या."

दादाचा हात पाळीवरून खाली आला. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात बूच बुडालं, दोरी ताणली आणि हातभर लांब मासा होडीत येऊन फडफडायला लागला. दादाने तो धरला, गळ सोडवला, पुन्हा आमिष लावलं. या सगळ्याला जेवढा लागायला हवा त्याच्या तिप्पट वेळ लावला.

"वय झालं आपलं," शेवटी तो माशाकडे बघत म्हणाला. "व्हायचंच असं."

ताईला रडू आलं. तो निदान "वेडी आहेस का" तरी म्हणेल, अशी तिची आशा होती.

गुरुवारी दुपारी दादाची मुलगी जेवायला आली. ती फेरीबोट चालवत असे आणि घरात सगळे तिला कप्तान म्हणत. आली ती पांढऱ्या गणवेशातच, काखेत मक्याच्या कणसांची पिशवी, आणि नेहमीसारखी मोठ्याने बोलत. तिला या आठवड्यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण या घरात महत्त्वाची गोष्ट तिला नेहमी शेवटी सांगत. ती पोटात ठेवणार नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आत्या, बघू बघू!" म्हणत ती मागापाशी गेली आणि वाकली. "अय्या, हा हिरवा पट्टा कसला गं? शेवाळं का? आमच्या धक्क्याला असतं तस्संच आहे!"

"कुठला हिरवा?" ताई म्हणाली.

"हा काय, बोटभर जाड. आणि त्याच्या खाली एकदम जांभळं. संध्याकाळ केलीस का? मला वाटलं दुपार करणार होतीस."

स्वयंपाकघरात कढईतला मासा चुरचुरत होता. बाकी सगळं थांबलं होतं. दादा दारात उभा होता, त्याच्यामागे वहिनी हातात झारा घेऊन. धाकटी लिंबं कापत होती, ती कापायची थांबली. ताईने आपल्या विणकामाकडे पाहिलं. तिथे पाणी होतं. दुपारचं, निळं, खोल. हिरवं कुठे नव्हतं आणि जांभळं तर नव्हतंच नव्हतं.

तिने टोपली ओढली आणि लडी एकेक करून हातात घेतल्या. रंगाकडे तिने बघितलंच नाही. गाठींवरून बोटं फिरवली. पहिल्या चार लडींच्या गाठी तिच्या स्वतःच्या, घट्ट, बारीक, एकीला लागून एक. पाचवीची शेपटी चुरगळलेली होती, कुणीतरी सोडून पुन्हा बांधल्यासारखी. नवव्या लडीवर तिची बोटं थांबली. दोन वेढे घेऊन, थुंकी लावून ओढलेली गाठ. असली गाठ या घरात एकच माणूस मारतो, गळ बांधायला.

"जेवायला बसा," ती म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून सगळे निमूटपणे बसले.

तळलेले मासे, उकडलेले बटाटे, लिंबाच्या फोडी, कांदा, पाव, सगळं टेबलावर आलं. ताईने त्याच्या मधोमध लडींचा ढीग ठेवला. एक लड बटाट्यांत पडली, ती कुणी उचलली नाही.

"ही नववी. गाठी दादाच्या आहेत," ती म्हणाली. "ही पाचवी. हिला पुड्या बांधतात तशा चपट्या गाठी आहेत. धाकटे, तुझ्या. आणि ही दहावी तर माझी लडच नाही. गाठी इतक्या ढिल्या आहेत की हातात येताच दोन सुटल्या. वहिनी, पस्तीस वर्षं तुम्ही बांधलेलं प्रत्येक खोकं माझ्या घरी पोचेपर्यंत उघडलेलं असतं."

"माझ्या गाठींना नावं ठेवू नका हं, वन्सं," वहिनी सवयीने म्हणाल्या, आणि मग त्यांचाच चेहरा उतरला.

"काय चाललंय हे?" कप्तानने विचारलं.

दादाने सुरुवात केली. "रविवारी बघितलं तेव्हाच लक्षात आलं. पहाट झकास आहे गं. पण पुढे पुढे तू रंग इतके भडक करत गेलीस... शेवटच्या चार लडी तर जांभळ्याच आहेत. मला वाटलं, पाचवी लड जरा शांत आहे, तिला नऊ गाठी मारल्या तर तू तीच घेशील."

"म्हणजे तो तू होतास होय!" धाकटी एकदम उसळली. "मला वाटलं ताईच चुकली! नऊच्या दोन दिसल्या, म्हणून ती आत चहा पीत होती तेव्हा जाऊन एकीच्या सोडून पाच बांधल्या ना मी! मला काय माहीत तू मध्ये हात घातलायस?"

"मग विचारायचंस! खरी नववीच पाच करून ठेवलीस तू!"

"कुणाला? तुला? तू मला कधी काही सांगतोस?"

"आणि तुम्ही?" ताईने वहिनींकडे वळून विचारलं.

"मी ती दहावी काढून तांदळाच्या डब्यात ठेवली," वहिनी म्हणाल्या. "बघवेना हो ती. वांग्यासारखी होती. तुमच्या उरलेल्या सुताच्या पिशवीतून मला बरी वाटली ती लड घेतली आणि दहा गाठी मारल्या. मला वाटलं, पाण्याचा रंग आहे."

"हिरवागार आहे तो," दादा म्हणाला.

"पाणी हिरवंच असतं!"

"पाणी राखाडी असतं. रोज त्यावर असतो मी."

"म्हणून तर तुम्हाला दिसत नाही!"

दोन मिनिटं पाण्याच्या रंगावरून अशी जुंपली की ताई आहे, हेच सगळे विसरले. दादा आणि धाकटी एका बाजूला झाले, मग धाकटी वहिनींच्या बाजूला गेली, मग तिघंही कप्तानवर घसरले, कारण तिने म्हटलं की पाण्याला रंगच नसतो. ताई ऐकत होती. तिच्या मनात मात्र एकच गोष्ट हळूहळू जागेवर बसत होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझं डोकं शाबूत आहे?"

दादाने हातातला पाव खाली ठेवला.

"तीन दिवस. तीन दिवस मी मनात उजळणी करतेय, आपलं नाव काय, आज वार कोणता. मंगळवारी स्टुलावर बसून मी सगळ्यांचे वाढदिवस म्हटले. दादा, तुला तर मी सांगितलं होतं. होडीत. आणि तू मासा सोडवत बसलास."

दादाने मान खाली घातली. "मला तेव्हाच बोलायचं होतं. पण बाबा आठवले."

बाबांचं नाव निघालं की या घरात कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. बाबांनी शेवटच्या उन्हाळ्यात होडी रंगवली होती. निळा म्हणून भलताच रंग फासला होता, आणि तिन्ही मुलांनी धक्क्यावर उभं राहून म्हटलं होतं, छान. चार दिवसांनी कुणा परक्या माणसाने हसत हसत खरं सांगितलं. बाबांनी होडी अंगणात पालथी घातली आणि पुन्हा पाण्यावर गेले नाहीत.

"तुला सांगितलं असतं तर तूही माग असाच पालथा घातला असतास," दादा म्हणाला. "म्हणून म्हटलं, गुपचूप निस्तरावं."

"बाबांना रंग चुकल्याचं दुःख नव्हतं रे," ताई म्हणाली. "चार दिवस ते त्या होडीतून सगळ्यांसमोर हिंडले, आणि आपण हात हलवत होतो. मीही हलवत होते."

कप्तानला राहवेना. "आत्या, थांब. पांढऱ्यावर पिवळट झाक दिसते का तुला? समोरून दिवा आला की त्याच्याभोवती वलय?"

"दिवेच तसले मिळतात हल्ली."

"दिवे नाहीत. मोतीबिंदू आहे. आम्हाला दरवर्षी रंग ओळखायची तपासणी असते, लाल-हिरवा दिवा चुकला की बोट हातातून जाते. आमच्यातले एक काका गेल्या वर्षी अडकले. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि दोन महिन्यांत परत बोटीवर आले. आता म्हणतात, जग धुऊन काढल्यासारखं दिसतंय. एकदा डॉक्टरांना दाखव तरी."

ताईला एकाच वेळी हायसं वाटत होतं, प्रचंड राग येत होता, आणि भीतीही वाटत होती, कारण पहाटेपासून दुपारपर्यंतचं ते पाणी तिला अजूनही सुंदर दिसत होतं. आयुष्यात केलेल्या कामांत तिला ते सगळ्यात जास्त आवडलं होतं. आता ते कुणाचं होतं? तिने बघितलेलं, की यांना दिसणारं?

ती उठून व्हरांड्यात गेली. जेवण सोडून सगळे मागोमाग आले. तिने दांडा उलटा फिरवला आणि शेवटचा दोन हातांचा पट्टा उन्हात ताणून धरला. तो विणायला तिला पाच महिने लागले होते.

"आता नीट सांगा," ती म्हणाली. "हे असंच देऊ, की उसवू?"

"तसं बघायला गेलं तर," दादाने कानाला हात लावला, "लोकांना काय, बसायला येतात, बोट आली की जातात..."

"लांबून काही कळत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "आणि हिरवा पट्टा तेवढा काढला तर..."

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने जन्मात कधी तिला उलट उत्तर दिलं नव्हतं. ताईचे जुने कपडे तिने निमूट वापरले, ताईने ठरवलेल्या शाळेत गेली, ताईला आवडेल असाच मासा तळला. ती लिंबाने ओले झालेले हात पदराला पुसत उभी होती.

"उसव," धाकटी म्हणाली.

"काय?"

"सगळं उसव, ताई. पहाट संपते तिथपर्यंत. हे तुझं वाटत नाही. वाईट दिसतं ते. खूप वाईट." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

दादा म्हणाला, "अगं, असं तोंडावर..." पण ताईने हात वर करून त्याला गप्प केलं. तिला लागलं होतं. थोबाडीत बसावी तसं लागलं होतं. तरीही गेल्या पाच दिवसांत पहिल्यांदाच पाय जमिनीला टेकले, असं तिला वाटलं.

"कप्तान, तुझ्या धक्क्यावरच्या माणसांना फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं, शनिवारी येऊ नका. डोळे दाखवून झाले की मीच कळवेन. आणि दादा, माग कुठेही जाणार नाहीये."

मग तिने स्टूल ओढलं, शेवटच्या ओळीचं टोक शोधून काढलं आणि ओढलं. सूत सुटायला लागलं. समोर धाकटीला बसवून तिने तिच्या दोन्ही हातांवर ते गुंडाळायला घेतलं. हिरवा पट्टा गेला. मग पुढचं आलं, वेढ्यामागून वेढा.

"मला हे अजूनही निळंच दिसतंय," ताई म्हणाली.

धाकटीने आपल्या हातांवरच्या सुताकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"माहितीये," ती म्हणाली. "पण ते निळं नाहीये, ताई."